करोडपतीच्या ऑडिशनसाठी जनरल नॉलेजची तयारी कशी करावी? (आणि कोकणावर काय काय विचारू शकतात)

देवगडची_सून
नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या जावेनं टीव्हीवरच्या करोडपतीवाल्या कार्यक्रमासाठी गंमत म्हणून नाव नोंदवलं होतं, फोनवरची प्रश्नोत्तरं पार पडली आणि आता थेट ऑडिशनला बोलावलंय. गणपती झाले की मुंबई. बाई अंगणवाडी सेविका आहे, हुशार आहे, पेपरातलं एक अक्षर सोडत नाही, पण शिक्षण बारावीला सुटलं त्यामुळे विज्ञान, संविधान असलं काही म्हटलं की घाबरते. बाजारातून एक जाडजूड सामान्य ज्ञानाचं पुस्तक आणलंय त्यात निम्मं पुस्तक देशांच्या राजधान्या आणि चलनं. ती पाठ करून वैतागली आणि आम्ही ऐकून. सासूबाईंना पण आता मंगोलियाचं चलन तुग्रिक हे तोंडपाठ झालंय.

तर तयारी नेमकी कशाची करावी? आणि हे लोक स्पर्धक जिथला असेल तिथलं काहीतरी गप्पांच्या ओघात काढतातच, तेव्हा कोकणावरचं काय यायलाच हवं तेही सुचवा. ती हा धागा वाचणार आहे, जरा जपून लिहा. (चाकरमानी, तुम्हाला म्हणतेय.)

चाकरमानी_डोंबिवली
मी अजून तोंड पण उघडलं नाही हो वहिनी!
बरं घ्या, बोहनी माझी. उत्तरेकडून दक्षिणेकडे क्रम लावा: अ) कणकवली ब) संगमेश्वर क) वैभववाडी ड) खेड. वेळ सुरू होतोय आत्तापासून.

एसटीची_खिडकी
ड ब क अ. गणपतीला जनरल डब्यात एका पायावर उभं राहून गेलेल्या माणसाला हा प्रश्न विचारणं म्हणजे पैसे वाटणं.

मास्तर_निवृत्त
सौ. सून यांस, प्रथम जाऊबाईंचं अभिनंदन. मी आयुष्यभर हायस्कुलात इतिहास-नागरिकशास्त्र शिकवलं, शाळेच्या प्रश्नमंजुषा पण बऱ्याच घेतल्या, त्यावरून दोन शब्द.

राजधान्या-चलनं पाठ करणं वाईट नाही पण मोठ्या रकमेचे प्रश्न तिथून क्वचित येतात. हर्षवर्धन नवाथे २००० साली पहिले करोडपती झाले तेव्हा त्यांना शेवटचा प्रश्न काय होता? संसदेच्या कामकाजात भाग घ्यायची परवानगी संविधान यापैकी कोणाला देतं, आणि पर्यायात सॉलिसिटर जनरल, अॅटर्नी जनरल, कॅबिनेट सेक्रेटरी, सरन्यायाधीश. उत्तर अॅटर्नी जनरल, म्हणजे महान्यायवादी. कलम ८८. मुलगा तेव्हा यूपीएससीची तयारी करत होता, आणि प्रश्न निघाला नागरिकशास्त्रातला, ज्याला आपल्याकडे वीस मार्काचा विषय म्हणून कोणी विचारत नाही! तेव्हा जाऊबाईंनी संविधानाला घाबरू नये. आठवी ते दहावीची बालभारतीची पुस्तकं काढावीत, त्यापेक्षा सोपं आणि नेमकं दुसरं काही नाही, आणि घरात कुठल्या ना कुठल्या पोराची पडलेली असतातच.

दुसरं असं की सापळे ओळखायला शिकावं. उदाहरणार्थ रिझर्व्ह बँकेचे पहिले गव्हर्नर कोण? घाईत आपण सी. डी. देशमुख म्हणतो, कारण ते आपल्या महाडजवळच्या नाते गावचे, अभिमान आडवा येतो. पण पहिले गव्हर्नर ऑस्बोर्न स्मिथ, १९३५. देशमुख हे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४३. प्रश्नातला एक शब्द गिळला की गेले पैसे.

बांगड्याचं_तिखलं
गो बाय, थंय जावन बोलाचा काय ता पण शिकव तेका. माज्या भावाक पण फोन ईल्लो. तेका विचारल्यानी, फावल्या वेळात काय करतास? तर ह्यो म्हणालो, झोपतंय. मगे काय, फोन परत ईलोच नाय.

फास्टेस्ट_फिंगर
वरचा विनोद वाटेल पण मुद्दा तोच आहे. मी एका अशाच कार्यक्रमाच्या ऑडिशनला जाऊन आलोय, पुढे त्या दहा जणांच्या रांगेत पण बसलो, खुर्चीपर्यंत काही पोचलो नाही कारण बोटं जाड आणि घाई फार. ऑडिशनला आधी लेखी चाचणी असते पर्यायांची, ती ठीकठाक जमते सगळ्यांना. त्यानंतर कॅमेऱ्यासमोर बसवतात आणि गप्पा मारतात. घरी कोण, काम काय, पैसे मिळाले तर काय करणार. तिथे माझ्या शेजारचा एक मुलगा होता, जगातल्या सगळ्या नद्या लांबीसकट पाठ, पण स्वतःबद्दल विचारलं की हो-नाही च्या पुढे जाईना. तो राहिला. एक भाजीवाल्या मावशी होत्या, त्यांनी मंडईतल्या मापातल्या मारामारीचा किस्सा सांगून सगळा स्टाफ हसवला, त्या गेल्या पुढे.

जाऊबाईंना सांगा अंगणवाडीतलं बोला. पोषण आहार, वजनकाटा, रडणारी पोरं, न येणारा निधी, सगळं. २०१९ ला अमरावतीकडच्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे एक कोटी जिंकल्या, त्या शाळेत खिचडी शिजवायच्या, महिना १५०० रुपये मानधन. लोकांना अजून नाव आठवतं ते खिचडीमुळे. त्यांना शेवटचा प्रश्न काय होता ते इथे कोणी न बघता सांगा पाहू.

एसटीची_खिडकी
नाही आठवत. पॉइंट टेकन.

विजयदुर्गकर
कोकणावरचं विचारताय तर एकच लिहून घ्या. हेलियम वायूचा शोध जगात कुठे लागला? आमच्या विजयदुर्ग किल्ल्यावर, १८ ऑगस्ट १८६८, खग्रास सूर्यग्रहण. लॉकियर साहेबाने दुर्बिणी लावल्या ते चौथरे अजून आहेत, साहेबाचे ओटे म्हणतात. दरवर्षी १८ ऑगस्टला आम्ही हेलियम दिन करतो. अर्ध्या महाराष्ट्राला हे माहीत नसतं, हा प्रश्न आला तर जाऊबाई डोळे मिटून लॉक करू शकतात.

खाडीपलीकडे
डोळे मिटून लॉक करू नका हो! डोळे उघडे ठेवा.

१८ ऑगस्ट १८६८ चं ग्रहण खरं, खग्रास पट्टा आपल्या किनाऱ्याकडून पूर्वेकडे गेला हेही खरं. पण त्या दिवशी निरीक्षणं कोणी कुठे केली याच्या पक्क्या नोंदी आहेत. फ्रेंच शास्त्रज्ञ जॅन्सन गुंटूरला होता, आंध्रात. पॉगसन मछलीपट्टणला, जॉन हर्शेल जमखिंडीला. आणि नॉर्मन लॉकियर? तो इंग्लंडात होता. त्याने ग्रहणाशिवाय सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट बघायची युक्ती काढली आणि हेलियमची खूण असलेली ती पिवळी रेषा २० ऑक्टोबर १८६८ ला तिकडे बसून पाहिली. विजयदुर्गला त्या वर्षी तो आलेलाच नाही.

विजयदुर्गकर
मग ओटे काय आम्ही बांधले? तुम्ही आलात का कधी किल्ल्यावर?

खाडीपलीकडे
आलोय की. ओट्यांवर बसून वडापाव पण खाल्लाय. ओटे आहेत यावर वाद नाही, साल कुठलं यावर आहे.

बांगड्याचं_तिखलं
वाऱ्यावर भांडतत रे हे. अक्षरशः वायूवर!

मास्तर_निवृत्त
दोघेही जरा दमाने घ्या, कारण दोघांच्याही हातात अर्धी अर्धी भाकरी आहे. लॉकियर विजयदुर्गला आला होता. पण तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास ग्रहण, तेव्हा त्याने विजयदुर्गला तळ ठोकला, ब्रिटिश आरमाराची मेलपोमिनी नावाची बोट मदतीला, खलाशांना शिकवून निरीक्षणाला बसवलं होतं. त्या मोहिमेचा त्याचा अहवाल छापील आहे, त्यात गावाचं नाव 'विझियाद्रुग' असं काहीतरी साहेबी केलंय. तोपर्यंत विल्यम रॅम्झेने १८९५ ला पृथ्वीवर क्लेव्हाइट नावाच्या खनिजातून हेलियम वेगळा काढून दाखवला होता. म्हणजे हेलियमचा शोधकर्ता विजयदुर्गावर आला हे शंभर टक्के खरं, ओटे त्याच मोहिमेचे असण्याची शक्यता जास्त, पण शोध तिथे लागला असं म्हणवत नाही.

आता मुद्द्याचं. प्रश्न 'हेलियमशी कोणत्या किल्ल्याचं नाव जोडलं जातं' असा आला तर विजयदुर्ग. 'जॅन्सनने १८६८ चं ग्रहण कुठून पाहिलं' असा आला तर गुंटूर. पर्यायांत दोन्ही असतील आणि प्रश्न मोघम असेल तर मी स्वतः लाइफलाइन वापरेन.

विजयदुर्गकर
१८९८ चं मला मान्य आहे, आमच्या आजोबांच्या तोंडी पण बोटीचा उल्लेख असायचा. पण हेलियम दिन आम्ही करणारच.

खाडीपलीकडे
करा ना, मी पण येतो. त्या निमित्ताने पोरं दुर्बिणीला डोळा तरी लावतात.

आणि एक गंमत सुचली यावरून. सुशीलकुमार २०११ ला पाच कोटी जिंकला त्याचा शेवटचा प्रश्न: निकोबार बेटांचे हक्क ब्रिटिशांना विकून १६ ऑक्टोबर १८६८ ला कोणती वसाहतवादी सत्ता भारतातून बाहेर पडली? उत्तर डेन्मार्क. तारीख बघा! चारच दिवसांनी लॉकियरला पिवळी रेषा दिसली. १८६८ हे साल असं पाठ झालं की मग विसरत नाही. माझ्या मते जीके असं साला-सालाने गुंफावं, सुटं सुटं पाठ करू नये.

अलिबागसे_आया
सगळं दक्षिण कोकणच चाललंय, आमच्याकडे पण बघा जरा. (आयडीवरून जो विनोद तुमच्या डोक्यात आलाय तो मला शाळेपासून ऐकवला गेलाय, वाया घालवू नका.)

अलिबागची भूचुंबकीय वेधशाळा, मस्त प्रश्न होतो. कुलाब्याला, म्हणजे मुंबईच्या कुलाब्याला, पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी व्हायची १८४१ पासून. पुढे मुंबईत ट्राम विजेवर चालवायचं ठरलं. विजेच्या तारांतून करंट गेला की चुंबकीय क्षेत्र तयार होणार आणि त्या नाजूक उपकरणांना पृथ्वीचं कुठलं आणि ट्रामचं कुठलं हे कळेना होणार. म्हणून १९०४ ला सगळं बस्तान अलिबागला हलवलं. इमारत बांधताना लोखंड वापरलेलं नाही, कारण लोखंड म्हणजे परत तीच भानगड. समुद्रकाठी एवढी शांत बसलेली इमारत, पर्यटक समोरून घोडागाडीत बसून कुलाबा किल्ल्याकडे जातात आणि कोणी मान वर करून बघत नाही.

रत्नांग्री
आमचा थिबा राजा कसा विसरलात? ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा, १८८५ ला इंग्रजांनी पदच्युत केला, आधी मद्रास आणि १८८६ ला रत्नागिरी. राजवाडा बांधून मिळाला १९१० ला आणि १९१६ ला गेला पण. तीस वर्षं नजरकैद, त्यातली जेमतेम सहा वर्षं राजवाड्यात. आणि जोडीचा प्रश्न: आपल्या शेवटच्या मुघल बादशहाला, बहादूरशहा जफरला कुठे पाठवलं? रंगूनला. म्हणजे तिकडचा इकडे, इकडचा तिकडे. साहेबाच्या डोक्यात काय असेल ते असो, प्रश्न काढणाऱ्यांची सोय करून ठेवली.

चाकरमानी_डोंबिवली
साहेबाने रत्नागिरी निवडली कारण एकदा माणूस आत गेला की परत बाहेर पडायला रस्ता नाही. हायवेचं काम बघता अजून तीच परिस्थिती.

एसटीची_खिडकी
राजकारण नको, धागा उडेल.

मी एमपीएससीला काही वर्षं घासलेली आहेत, त्यामुळे कोकणाची वस्तुनिष्ठ यादी माझ्याकडे तयार आहे, थोडी टाकते. रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला १ मे १९८१. त्याच वर्षी कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. पालघर १ ऑगस्ट २०१४, महाराष्ट्राचा ३६ वा. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू जानेवारी १९९८, सगळ्यात लांब बोगदा करबुडे, साडेसहा किलोमीटर. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७. नद्या-खाड्यांच्या जोड्या हमखास: सावित्री बाणकोट, वाशिष्ठी दाभोळ, शास्त्री जयगड, वाघोटन विजयदुर्ग. तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर काठावर, आपल्या बाजूला, तरी गोव्यात मोडतो, यावर मॉक टेस्टमध्ये निम्मा वर्ग पडायचा.

आणि ताजं. जुलै २०२५ ला मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. त्यातला महाराष्ट्राबाहेरचा एकच, जिंजी, तामिळनाडू. कोकणातले पाच: खांदेरी, रायगड, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. जंजिरा यात नाही, तो सिद्दीचा, हा पण सापळा. कातळशिल्पं मात्र अजून संभाव्य यादीत आहेत, २०२२ पासून. 'यादीत' आणि 'संभाव्य यादीत' यात फरक आहे, मास्तर म्हणाले तसं शब्द गिळू नका.

रत्नांग्री
भारतरत्न राहिले. एकट्या रत्नागिरी जिल्ह्याशी नातं सांगणारे महर्षी कर्वे (१९५८, वयाच्या शंभराव्या वर्षात!), पां. वा. काणे (१९६३) आणि बाबासाहेब (१९९०). कर्वे खेड तालुक्यात शेरवलीला जन्मले, गाव मुरुड, दापोलीचं. काणे चिपळूणकडचे. बाबासाहेबांचा जन्म महूचा पण मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे.

अलिबागसे_आया
आणि विनोबा आमचे, पेण तालुक्यातलं गागोदे. १९८३ ला मरणोत्तर. मुरुड म्हणताना आमचं जंजिऱ्याचं मुरुड आणि तुमचं दापोलीचं मुरुड वेगळं हे पण जाऊबाईंना सांगा, मुंबईचे लोक हमखास गोंधळतात, मागे एक पाहुणे कर्व्यांचं स्मारक बघायला आमच्याकडे येऊन बसले.

मालवण_जेटी
शाळेतलं बरंच झालं. आमच्या बंदरातलं एक गणित देतो, कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त उपयोगाचं. भरती कधी लागणार ते घड्याळ-मोबाईल न बघता सांगा. तिथीला पाऊणने गुणायचं. आज चतुर्थी, चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि तशीच रात्री तीनला. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पंचमीला पावणेचार, म्हणून दीड दिवसाच्या गणपतीला आमच्याकडे सगळे चारच्या आसपास पाण्याकडे निघतात. अनंत चतुर्दशीला चौदाचे साडेदहा. पौर्णिमा झाली की परत एकपासून मोजायचं. रोज पाऊण तास पुढे का जाते, तर चंद्र रोज तेवढा उशिरा उगवतो. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य-चंद्र एका रेषेत, तेव्हा उधाण. अष्टमीच्या आसपास काटकोनात, तेव्हा भांग, पाणी धड चढत नाही की उतरत नाही. दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे होतं, बंदराबंदरात फरक पडतो, पण होडी काढायला पुरतं.

माझा बाप चौथी नापास आणि हे सगळं तोंडावर. त्याला कोणी बसवलं नाही खुर्चीत.

फास्टेस्ट_फिंगर
हे ऑडिशनला बोलायला सोनं आहे. कॅमेऱ्यासमोर 'तुमची आजची तिथी सांगा, मी भरतीची वेळ सांगते' म्हणाली ना बाई, तर लेखीत दोन कमी पडले तरी विसरतील.

खाडीपलीकडे
समुद्राचं निघालंच आहे तर किनाऱ्याची लांबी. हा प्रश्न सध्या धोक्याचा आहे. आपण शाळेत महाराष्ट्राचा किनारा ७२० किमी शिकलो, केंद्राच्या जुन्या आकड्यात ६५२.६ होता, आणि नव्या मोजणीत झालाय ८७७.९७. भारताचा ७५१६.६ चा ११०९८.८१. समुद्र वाढला नाही, नकाशा बारीक झाला. जुनी मोजणी सत्तरच्या दशकातल्या ढोबळ नकाशावर, आता १:२५०००० च्या. जितकी पट्टी बारीक तितक्या खाड्या, वळणं, खाचखळगे मोजले जातात आणि लांबी वाढत जाते. आपल्या कोकणात तर दर दहा किलोमीटरला खाडी, वाढणारच.

देवगडची_सून
अहो मग लिहायचं काय तिने? पुस्तकात तर ७२० आहे आणि ते मागच्याच वर्षी घेतलंय!

एसटीची_खिडकी
पर्याय बघायचे. चारमध्ये ७२० आणि ८७८ दोन्ही ठेवले असतील तर प्रश्नात 'नवीन मोजणीनुसार' असं काहीतरी लिहिलेलं असणार, नाहीतर त्यांच्यावरच तक्रारी होतील. एकच असेल तर तेच. परीक्षेत मी हेच करायचे. खरं काय आणि विचारणाऱ्याला काय हवंय हे दोन वेगळे कप्पे ठेवावे लागतात, हेलियमचं पण तेच झालं वर.

मास्तर_निवृत्त
हे मला पटत नाही. खरं तेच सांगावं. पोरांना आपण असंच बिघडवलं, पेपर तपासणाऱ्याला काय आवडेल ते लिही म्हणून.

एसटीची_खिडकी
मास्तर, ३ लाख २० हजारावर बसलेल्या बाईला तत्त्व सांगू नका हो. घरी येऊन खरं सांगेल ती.

बांगड्याचं_तिखलं
रे मेल्यांनू, समुद्रावर ईलास तर माशांचा विचारा. महाराष्ट्राचो राज्यमासो खयचो? कोणाक तरी म्हायत आसा?

मालवण_जेटी
पापलेट. २०२३ ला जाहीर झाला.

बांगड्याचं_तिखलं
बरोबर. आणि बांगड्यान काय घोडा मारल्यान? गरिबाचो मासो म्हणान?

अलिबागसे_आया
राज्य प्राणी शेकरू, पक्षी हरियाल, झाड आंबा, फूल ताम्हण एवढं सगळ्यांना येतं. फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, २०१५, राज्य फुलपाखरू ठरवणारं आपलं पहिलं राज्य. आणि २०२० ला राज्य कांदळवन वृक्ष पण ठरवला, पांढरी चिपी. हे शेवटचं फार कमी लोकांना येतं. देवगडला असाल तर खाडीत जाऊन दाखवा तिला, एकदा झाड बघितलं की नाव विसरत नाही.

देवगडची_सून
चिपी आमच्या पाणंदीच्या टोकालाच आहे! तिला राज्याचा मान आहे हे आज कळलं.

रत्नांग्री
एक महत्त्वाचं, थोडं विषयांतर. ऑडिशनचं पक्कं खरं आहे ना ते बघा. आमच्या ओळखीत एका काकांना 'पंचवीस लाखांची लॉटरी लागली' म्हणून व्हॉट्सॅपवर ऑडिओ आला, याच कार्यक्रमाचं नाव, बच्चनचा फोटो, खाली शिक्का. आधी टॅक्स भरा म्हणाले. काका बँकेत जाऊन रांगेत उभे, नशिबाने कॅशियर पोरगी ओळखीची होती, तिने पासबुक परत दिलं आणि घरी फोन लावला. लक्षात ठेवा, असल्या कार्यक्रमात खेळल्याशिवाय लॉटरी लागत नाही आणि ऑडिशनला कोणी पैसे मागत नाही.

देवगडची_सून
पैसे मागितले नाहीत कोणी. पत्र आलंय, माझ्या नणंदेच्या मिस्टरांनी चॅनेलच्या अधिकृत अॅपवर पडताळून घेतलंय. पण बरं केलंत लिहिलंत ते, गावात अजून दोघातिघांना सांगते.

अंगणवाडी_ताई
नमस्कार, मीच ती धाकटी जाऊ. ताईंनी आयडी काढून दिला. सगळा धागा दोनदा वाचला, वहीत उतरवून घेतला, सर्वांचे आभार. भरतीचं गणित मला माहीत होतं, माहेर आचऱ्याचं, पण ते सांगण्यासारखं असतं हे माहीत नव्हतं.

मला एक शंका आहे. भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता असं आलं आणि पर्यायात हॉकी असलं तर? कारण माझ्या माहितीप्रमाणे कुठलाच खेळ अधिकृतपणे राष्ट्रीय जाहीर केलेला नाही, आणि राष्ट्रभाषेचं पण तसंच, संविधानात हिंदी राजभाषा आहे, राष्ट्रभाषा असा शब्द नाही. मी अंगणवाडीतल्या तक्त्यावर हॉकी लिहिलेलं खडूने पुसलं होतं तर पर्यवेक्षिका बाई रागावल्या.

मास्तर_निवृत्त
शाब्बास. सूनबाई, तुम्ही म्हणालात ही संविधानाला घाबरते म्हणून? ही बाई संविधान खडूने राखते आहे!

फास्टेस्ट_फिंगर
हा तक्त्याचा किस्सा कॅमेऱ्यासमोर सांगा. पर्यवेक्षिकेचं नाव तेवढं गाळा.

ताई, आता खरी तयारी राहिली ती लाइफलाइनची. लोक ऑडियन्स पोल शेवटपर्यंत राखतात ते चूक, प्रेक्षकांना सोप्या आणि मधल्या प्रश्नांचं चांगलं येतं, हिंदी सिनेमा, क्रिकेट, स्वयंपाक. अवघड प्रश्नाला ते पण तुमच्यासारखेच. मित्राला फोन हा ज्या विषयात तुम्ही कच्च्या त्या विषयाचा माणूस बघून ठेवायचा. आणि तीस सेकंदात प्रश्न आणि चारही पर्याय वाचून दाखवायची प्रॅक्टिस करा, नमस्कार-चमत्कारात अर्धा वेळ जातो.

खाडीपलीकडे
अमेरिकेतल्या कार्यक्रमाचा पहिला विजेता जॉन कारपेंटर, १९९९, त्याने सगळ्या लाइफलाइन राखल्या आणि शेवटच्या दहा लाख डॉलरच्या प्रश्नाला वडिलांना फोन लावला. मदतीला नाहीच, 'मी आता जिंकणार आहे' एवढं सांगायला. उत्तर होतं रिचर्ड निक्सन. आणि दोनच वर्षांनी इंग्लंडात मेजर इंग्रॅम, तो पण दहा लाख पौंड जिंकला, पण प्रेक्षकांतून आणि स्पर्धकांच्या रांगेतून योग्य पर्यायाला कोणीतरी खोकत होतं. खटला होऊन शिक्षा झाली. प्रश्न होता एकावर शंभर शून्य म्हणजे काय, उत्तर गूगोल.

चाकरमानी_डोंबिवली
ताई, तुमच्या वेळेला मी प्रेक्षकांत बसतो. पान-तंबाखूमुळे तसाही खोकला असतो, कोणाला संशय यायचा नाही.

अंगणवाडी_ताई
नको हो भाऊ, तुरुंगात मंगळागौर करायची नाहीये मला.
फोनसाठी मास्तरांना विचारणार होते. विज्ञान कच्चं आहे त्याला खाडीपलीकडे दादा. पण मास्तर, तुमच्याकडे नेटवर्क कसं आहे?

मास्तर_निवृत्त
अंगणात फणसाखाली उभं राहिलं तर दोन काड्या. पावसात नाही.

खाडीपलीकडे
माझ्याकडे खाडीच्या अलीकडे आलं की येतं. आयडीच तसा आहे.

मालवण_जेटी
आमच्याकडे जेटीवर फुल असतं पण बोटींच्या आवाजात प्रश्न ऐकू येणार नाही.

देवगडची_सून
म्हणजे एवढ्या सगळ्या विद्वानांत चोवीस तास रेंज कोणाकडे आहे?

एसटीची_खिडकी
डोंबिवलीला असते.

विजयदुर्गकर
अरे देवा.

अंगणवाडी_ताई
चाकरमानी भाऊ, तुमचं नाव टाकू का मग यादीत? दोन नावं चालतात, दुसरे खाडीपलीकडे दादा, त्या दिवशी अलीकडे येऊन थांबा म्हणावं.

चाकरमानी_डोंबिवली
टाका. थांबा पण, मला वर जाऊन सगळं परत वाचू दे. मास्तर, ते महान्यायवादीचं कलम कितवं होतं?

मास्तर_निवृत्त
संसदेत बसायचं ८८. नेमणुकीचं ७६. दोन्ही लिहून घ्या, आणि तंबाखू सोडा.